कूल्ड अ‍ॅस्ट्रो कॅमेरा घ्यायचाय: ५३३, ५७१ की मोनो? आपल्या उन्हाळ्यात कूलिंग पुरतं का?

रोहिणीशकट (१६ जून)

नमस्कार मंडळी. काल नाशिकला पावसाने हजेरी लावली. म्हणजे आता ऑक्टोबरपर्यंत दुर्बीण कपाटात आणि मी हिशोबाच्या वहीत. आकाशाच्या फोटोंसाठी सेन्सर गार ठेवणारा (कूल्ड) कॅमेरा कोणता घ्यावा, हा चार वर्षं मनात घोळणारा प्रश्न यंदा तडीस न्यायचा आहे.

माझ्याकडे ७२ मिमी व्यासाची अपवर्तक दुर्बीण आहे, नाभीय अंतर ४३२ मिमी, म्हणजे एफ/६. फ्लॅटनर (कडेचे तारेही गोल ठेवणारं भिंग) आहे. माउंट (ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार) एचईक्यू ५, गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणं) पीएचडी टू या सॉफ्टवेअरवर. कॅमेरा मात्र जुना कॅनन ६००डी, तोही मॉडिफाय न केलेला. घराच्या गच्चीवर बॉर्टल ७ चं आकाश (१ म्हणजे गडद अंधार, ९ म्हणजे शहराचा झगमगाट). महिन्यातून एकदा अमावस्येच्या आसपास भंडारदऱ्याच्या पुढे रतनवाडीच्या बाजूला जाते.

एप्रिलमध्ये तिथे पहाटे धनु राशीतला लगून (एम ८) घेत होते. हवा २५ अंश, पण फोटोच्या माहितीत कॅमेऱ्याचं तापमान ३७. तीन-तीन मिनिटांच्या ४० फ्रेम्स घरी आणून स्टॅक केल्या (एकावर एक रचून एकच चित्र केलं) आणि ताणून, म्हणजे अंधुक भाग उजळून, बघितलं, तर सगळ्या चित्रभर तिरप्या लाल-निळ्या रेघा. पावसाची सर तिरपी यावी तशा, सगळ्या एकाच दिशेला. तेजोमेघाचा पुसटसा भाग त्या रेघांखाली पार हरवला. डार्क्स (सेन्सरचा गोंगाट वजा करायला झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेम्स) घेतले होते, पण ते घेईपर्यंत पहाटेच्या गारव्याने कॅमेरा ३१ वर आला होता. जुळलेच नाहीत. फार वाईट वाटलं. त्या रात्रीसाठी दोन महिने थांबले होते.

बजेट सव्वा लाख, ताणून दीड. सोनीच्या आयएमएक्स ५३३ सेन्सरचा रंगीत कॅमेरा घ्यावा, की अजून थांबून मोठ्या ५७१ सेन्सरचा? की मोनो, म्हणजे कृष्णधवल सेन्सरचाच घ्यावा? आणि मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही २८ अंश असतात, तेव्हा हे कूलिंग कितपत पुरतं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

निशाचर (१६ जून)

५३३ घ्या, डोळे झाकून. बाकीचं नंतर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

प्रश्नचिन्ह (१६ जून)

वाचतोय. माझ्याकडे फक्त मोबाईल आणि ट्रायपॉड आहे, पण हा धागा साठवून ठेवतो.

वक्रतारा (१६ जून)

रोहिणीताई, आधी एक विचारतो. डिथरिंग, म्हणजे फ्रेम्सच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम जराशी हलवणं, करत होतात का?

तुम्ही वर्णन केलेल्या तिरप्या रेघांना 'वॉकिंग नॉइज' म्हणतात. सेन्सरवरचे तापलेले पिक्सेल जागचे हलत नाहीत. तारे मात्र फ्रेमगणिक थोडे थोडे सरकत असतात, कारण गाइडस्कोप (गायडिंगची छोटी दुर्बीण) आणि मुख्य दुर्बीण यांच्यात बारीकसा लवचीकपणा असतोच. स्टॅक करताना आपण तारे एकावर एक बसवतो, मग ते स्थिर पिक्सेल उलट्या दिशेने ओळीत ओढले जातात. दर एक-दोन फ्रेम्सनंतर गायडिंगला सांगून दुर्बीण मुद्दाम पाच-सात पिक्सेल इकडेतिकडे हलवली की ते ठिपके विखुरतात आणि स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर त्यांना वगळतं. एक पैसा खर्च नाही. सव्वा लाख घालवण्याआधी हे करून बघा.

रोहिणीशकट (१६ जून)

नव्हते करत. एका फ्रेममागे पंधरा-वीस सेकंद जातात म्हणून बंद ठेवलं होतं. ही चूक माझीच. पण डार्क्स न जुळण्याचं काय?

अभिजित_वेगा (१६ जून)

तिथेच कूलिंगचं खरं काम आहे, आणि बऱ्याच जणांना हे उशिरा कळतं. कूल्ड कॅमेरा म्हणजे 'थंड' कॅमेरा हे अर्धंच खरं. तो ठरल्या तापमानाचा कॅमेरा आहे. उणे ५ सांगितलं की रात्रभर उणे ५. मग पावसाळ्यात घरी बसून, झाकण लावून, त्याच तापमानाचे, त्याच गेनचे (संकेत किती वाढवायचा त्या सेटिंगचे), त्याच सेकंदांचे ५० डार्क्स काढून ठेवायचे आणि वर्षभर वापरायचे. रतनवाडीला पहाटे चार वाजता, वृश्चिक आणि धनु दक्षिणेला वर आलेले असताना, डार्क्ससाठी पाऊण तास घालवायला नको. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे.

थंडपणाचा फायदा तर आहेच. डार्क करंट (उष्णतेने सेन्सरवर आपोआप जमणारा खोटा संकेत) दर सहा-सात अंशांना साधारण दुप्पट होतो. तुमचा सेन्सर ३७ ला होता. तो शून्यावर आणला तर पाच-सहा वेळा अर्धा, म्हणजे तीस ते साठ पटींनी कमी.

मिस्त्री_वर्कशॉप (१७ जून)

कूलिंग पुरतं का, याचं उत्तर मी देतो. माझा धंदाच थंड-गरमचा आहे.

आत पेल्टियरची चकती असते. वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. स्वस्तातल्या पाण्याच्या डिस्पेन्सरमध्ये आणि गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये तीच असते. गार बाजू सेन्सरला चिकटलेली, गरम बाजूला हीटसिंक आणि पंखा. ही चकती स्वतःहून कुठलंही ठरावीक तापमान गाठत नाही, ती बाहेरच्या हवेपेक्षा अमुक इतके अंश खाली नेते. बाजारातल्या बहुतेक कॅमेऱ्यांवर हा फरक ३५ अंशांच्या आसपास लिहिलेला असतो. म्हणजे मे महिन्यात २८ अंश असतील तर सगळा जोर लावून उणे ७. पण सगळा जोर लावू नये. शंभर टक्क्यांवर चालवलं की हवा एक अंशाने तापली तरी तापमान हातातून सुटतं, आणि ते स्थिर राहिलं नाही तर अभिजितरावांनी सांगितलेला फायदाच गेला. सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवा. उन्हाळ्यात शून्य अंश, हिवाळ्यात उणे १०. डार्क्सचे दोन संच. झालं काम.

वीज मोजून ठेवा. कूलरलाच १२ व्होल्ट, ३ अ‍ॅम्पिअर लागू शकतात, म्हणजे जास्तीत जास्त ३६ वॉट. माउंट, मिनी पीसी, दवाचे हीटर धरले तर सरासरी ५० वॉट धरून चाला. आठ तासांना ४०० वॉट-अवर. १२.८ व्होल्ट ५० अ‍ॅम्पिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी ६४० देते, ती पुरते. गाडीच्या बॅटरीवर चालवू नका, सकाळी गाडी ढकलावी लागेल.

हडसनकाठची (१७ जून)

आम्ही न्यू जर्सीत जानेवारीत उणे ५ मध्ये उभे असतो, तेव्हा कॅमेरा उणे २० ला ठेवला की कूलरला फारसं कामच उरत नाही. मार्गशीर्षात भंडारदऱ्याला तुम्ही मस्त शाल पांघरून बसता, त्याचा मला हेवा वाटतो. इथे बोटं गारठल्याने फोकसरचा स्क्रू फिरत नाही.

५३३ चा रंगीत कूल्ड इथेही मिळतो. भावाबहिणीला सांगून मागवणार असाल तर वॉरंटीचं आधी विचारा. माझ्या मावसभावाला मी नेऊन दिलेल्या कॅमेऱ्याचा यूएसबी पोर्ट आठ महिन्यांत गेला. ज्या देशात घेतला तिथेच पाठवा म्हणाले. तो कॅमेरा पुन्हा माझ्याकडे, इथून दुरुस्तीला, परत माझ्याकडे, मग कोणीतरी भारतात जाईपर्यंत वाट. पाच महिने गेले, नेमके नोव्हेंबर ते मार्च. चार पैसे जास्त गेले तरी भारतातल्या विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या.

निशाचर (१७ जून)

आता सविस्तर.

५३३ चा सेन्सर चौकोनी आहे. ३००८ × ३००८ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, बाजू ११.३१ मिमी. अ‍ॅम्प ग्लो नाही. म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांत एका कडेला जी लालसर झळ दिसायची, ती नाही. ५७१ मध्येही नाही, आणि पिक्सेल त्याच आकाराचे. फरक दोन. ५७१ एपीएस-सी आहे, २३.५ × १५.७ मिमी, २६ मेगापिक्सेल. आणि तो १६ बिट आहे, ५३३ चा १४ बिट. तुमच्या डोळ्याला १४ आणि १६ मधला फरक दिसणार नाही. क्षेत्रफळाचा मात्र पहिल्याच फोटोत दिसेल.

म्हणजे प्रश्न इतकाच की तुम्हाला आकाशाचा किती मोठा तुकडा हवा. पैसे वाचले तर ते ड्युअल बँड फिल्टरला (फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा प्रकाश आत सोडणाऱ्या) जातील.

स्वातीनक्षत्र (१७ जून)

इथे मी थोडी असहमत. 'इतकाच प्रश्न' नाही हो निशाचर. रोहिणीताई आत्ता ६००डी वापरतायत, म्हणजे २२.३ × १४.९ मिमीचा सेन्सर. ४३२ मिमीवर त्यांना जवळजवळ तीन अंश रुंदीचं आकाश मिळतंय. ५३३ लावला की दीड अंशाचा चौकोन. फ्रेमचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होणार!

देवयानी दीर्घिका तीन अंशांची आहे. आजवर ती एका फ्रेममध्ये बसायची, उद्या नुसता गाभा आणि थोडे हात दिसतील. कृत्तिका बसतील, पण भोवतीची निळी धूळ कापली जाईल. मी स्वतः डीएसएलआरवरून ५३३ वर आले, तेव्हा पहिल्या रात्री मला वाटलं मी चुकून बार्लो (चित्र मोठं करणारं भिंग) लावलाय. कोणी सांगितलंच नव्हतं.

रोहिणीशकट (१७ जून)

बापरे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी मेगापिक्सेल आणि तापमान बघत बसले होते.

अभिजित_वेगा (१७ जून)

स्वातीताईंचा मुद्दा महत्त्वाचा. तो सूत्रात मांडतो म्हणजे कोणालाही आपल्या दुर्बिणीसाठी काढता येईल. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यायचा, २०६ ने गुणायचं, नाभीय अंतराने मिमीमध्ये भागायचं. उत्तर येतं ते एका पिक्सेलमागे किती आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग). तुमचं ३.७६ × २०६ ÷ ४३२, म्हणजे १.८. आपल्याकडची हवा बहुतेक रात्री तारा दोन-तीन आर्कसेकंदांहून बारीक राहू देत नाही, तेव्हा १.८ अगदी योग्य. हाच कॅमेरा आठ इंची श्मिट-कॅसेग्रेनला, २०३२ मिमीवर लावला तर ०.३८ येईल. तिथे इतका बारीक पिक्सेल नुसता वाया. म्हणून 'कोणता कॅमेरा चांगला' असं विचारलं की मी आधी दुर्बिणीचं नाभीय अंतर विचारतो.

फ्रेमचं म्हणाल तर, तुमचे आवडते विषय कोणते?

रोहिणीशकट (१८ जून)

लाल तेजोमेघ. रोझेट, अश्वशीर्ष, लगून, ईगल. ६००डी वर लाल फारच फिकट येतो म्हणून तर ही धडपड. देवयानी एकदा झाली, तिचा फोटो आईच्या खोलीत लावलाय.

वक्रतारा (१८ जून)

मग मी पुन्हा आडवा येतो. लाल फिकट येण्याचं कारण तापमान नाही. कॅमेऱ्यात सेन्सरपुढे जो फिल्टर असतो तो हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे तेजोमेघातल्या हायड्रोजनचा लाल, ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश जेमतेम पाव हिश्शाने आत सोडतो. तो फिल्टर काढून घेतला, म्हणजे कॅमेरा मॉडिफाय केला, तर काही हजारांत लाल रंग तिप्पट-चौपट येईल. डिथरिंग केलं तर रेघा जातील. तुमचे दोन्ही त्रास दहा-पंधरा हजारांत मिटतात. उरलेल्या पैशांत पेट्रोल घालून वर्षभर रतनवाडीला जा. जास्त तास मिळाले तर कुठल्याही सेन्सरहून जास्त फायदा होईल.

आणि गच्चीवरून, बॉर्टल ७ मध्ये, बिनफिल्टरचा फोटो काढताना आकाशाच्या उजेडाचाच गोंगाट इतका असतो की डार्क करंट त्याखाली दबून जातो. तिथे कूलिंगचा फायदा नावापुरता.

निशाचर (१८ जून)

वक्रताराशी सहमत होणं मला जड जातं, पण बिनफिल्टरच्या बाबतीत बरोबर आहे. ड्युअल बँडच्या बाबतीत मात्र नाही. सात नॅनोमीटरचा फिल्टर लावला की आकाशाचा उजेड जवळजवळ संपतो, पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम्स घ्याव्या लागतात, आणि मग सेन्सरची स्वतःची उष्णताच सगळ्यात मोठा गोंगाट होते. लाल तेजोमेघ आवडणाऱ्या माणसाला कूलिंग हवंच.

जुनाफोटोवाला (१८ जून)

मुलांनो, थोडं अवांतर करतो, राग मानू नका.

१९८६ च्या एप्रिलमध्ये हॅलेचा धूमकेतू नरतुरंगाच्या बाजूला, दक्षिणेला खाली आला होता. तेव्हा मी पुण्यात होतो, ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या लोकांबरोबर गावाबाहेर जायचो. ४०० एएसएची फिल्म, ५० मिमीची लेन्स, आणि मोटर नसलेलं माउंट. गाइडस्कोपच्या आयपीसमध्ये दोन तारांची फुली, त्या फुलीवर एक तारा धरून ठेवायचा आणि हाताने चकती फिरवत राहायचं. वीस मिनिटं श्वासही हळू घ्यायचा. डोळ्यातून पाणी यायचं पण डोळा काढता येत नसे.

तेव्हाही परदेशातल्या मासिकांत 'कोल्ड कॅमेरा' वाचायला मिळायचा! फिल्मच्या मागे ड्राय आईस, म्हणजे उणे ७८ अंश. पण कारण वेगळं. फिल्म मंद प्रकाशात जसजशी उघडी ठेवावी तसतशी सुस्त होते, दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट काळी होत नाही. याला रेसिप्रोसिटी फेल्युअर म्हणत. गार केली की ही सुस्ती कमी होते. तुम्ही सेन्सरचा गोंगाट घालवायला गार करता, ते फिल्म जागी ठेवायला गार करत.

आज तुम्ही तिघं-चौघं एका मुलीला तिच्या दुर्बिणीचा पिक्सेल स्केल काढून देताय, हे बघून बरं वाटलं. आम्हाला एक प्रिंट हातात यायला आठवडा लागायचा, आणि चूक काय झाली ते सांगणारं कोणी नसे.

प्रश्नचिन्ह (१८ जून)

काका, हॅलेच्या फोटोवर एक वेगळा धागा काढा. मनापासून विनंती.

स्वातीनक्षत्र (१८ जून)

+१. आणि जुन्या निगेटिव्ह असतील तर स्कॅन करून टाका.

देवगडकर (१९ जून)

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी लिहितो, कारण वर कोणीच दमटपणाचं बोललं नाही.

देवगडला आमच्याकडे फेब्रुवारीतसुद्धा मध्यरात्रीनंतर दुर्बिणीची नळी ओली होते. पहिल्या वर्षी कूल्ड कॅमेरा घेतला आणि हौसेने उणे १५ लावलं. तासाभराने फ्रेमच्या मधोमध एक गोल पुसट डाग, फ्रेमगणिक मोठा होत चाललेला. आधी वाटलं फिल्टरवर धूळ. टॉर्च मारून बघितलं तर सेन्सरपुढच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी. रात्र गेली. कॅमेऱ्याच्या पोटात ओलावा शोषणाऱ्या गोळ्या असतात, त्या भरून गेल्या होत्या. गोळ्या काढल्या, मंद आचेवर तापवल्या, पुन्हा घातल्या आणि कॅमेरा दोन दिवस तांदळाच्या डब्याऐवजी सिलिका जेलच्या डब्यात ठेवला. नंतर पुन्हा डाग आला नाही.

आता मी थंड करताना दहा मिनिटं लावतो, एकदम नाही. बंद करतानाही हळूहळू वर आणतो आणि मगच वीज काढतो. पुढच्या काचेचा हीटर कायम चालू. आणि शून्याच्या खाली जातच नाही. शून्याला या नव्या सेन्सरच्या पाच मिनिटांच्या फ्रेममध्ये पिक्सेलमागे जेमतेम एखादा इलेक्ट्रॉन उष्णतेचा जमतो, आणि रीड नॉइज (सेन्सर वाचताना होणारा गोंगाट) दीडच्या आसपास असतो. आणखी गार करून मिळवायचं काय?

मिस्त्री_वर्कशॉप (१९ जून)

देवगडकर, लाख बोललात. उणे २० चा हट्ट थंड देशातल्या चर्चा वाचून येतो.

गॅमाकिरण (१९ जून)

मोनोवाले कुठे गेले? मी एकटाच दिसतोय.

रोहिणीताई, लाल तेजोमेघ आवडतात म्हणता, मग मोनो का नाही? रंगीत सेन्सरवर चार पिक्सेलमागे लाल एकच. हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर लावला की उरलेले तीन रिकामे बसतात. मोनोवर चारही काम करतात. गच्चीवरून, खाली रस्त्यावर एलईडीचे दिवे असताना, चंद्र असताना मी अश्वशीर्ष घेतो. रतनवाडीला जायला महिनाभर थांबावं लागत नाही. ५३३ चा मोनोही मिळतो.

खर्च मात्र लपवत नाही. फिल्टर व्हील, एल-आर-जी-बी (उजेड, लाल, हिरवा, निळा), शिवाय अल्फा, ओ-तीन (ऑक्सिजन) आणि एस-दोन (गंधक) असे फिल्टर धरले तर कॅमेऱ्याइतकेच पैसे पुन्हा. ५३३ चा फायदा हा की सेन्सर लहान असल्याने सव्वा इंची फिल्टर चालतात. ५७१ ला ३६ मिमी किंवा दोन इंची लागतात, तिथे आकडे भयंकर होतात.

अभिजित_वेगा (१९ जून)

मोनो उत्तमच. पण त्यांच्या रात्री मोजा. ऑक्टोबर ते मे, महिन्यातली एक खरी अंधारी रात्र, त्यातल्या दोन ढगांच्या. वर्षाच्या सहा रात्री. एका रात्रीत चार फिल्टरचे तास भरायचे आणि मध्येच ढग आला तर लाल आहे, निळा नाही, अशी गत होते. रंगीत कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. ड्युअल बँड फिल्टरमध्ये अल्फा लाल पिक्सेलवर पडतो, ओ-तीनचा ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश हिरव्या-निळ्यावर. एका रात्रीत दोन्ही. बाहेर जाऊन फोटो काढणाऱ्यासाठी मी रंगीतच सुचवीन. गच्चीवर कायम माउंट लावून ठेवता येत असेल तर मोनो.

गॅमाकिरण (१९ जून)

हे मान्य. माझी गच्ची कायमची आहे, हे मी सांगायला हवं होतं.

हडसनकाठची (२० जून)

अजून एक. कॅमेरा घेताना सॉफ्टवेअरचा विचार करा. एएसआय-एअर (कॅमेरा आणि माउंट चालवणारी झेडडब्ल्यूओ कंपनीची छोटी पेटी) घ्यायचा विचार असेल तर अ‍ॅस्ट्रो कॅमेऱ्यांपैकी तो झेडडब्ल्यूओचेच ओळखतो. मिनी पीसीवर निना (फोटो काढण्याचं सॉफ्टवेअर) चालवणार असाल तर क्यूएचवाय, टूपटेक, प्लेयर वन कोणाचाही चालेल, सेन्सर तोच असतो. निना फुकट, सिरिल (स्टॅकिंगचं) फुकट, पीएचडी टू फुकट. लोकांनी रात्री जागून हे लिहून आपल्याला दिलंय, त्यांचे उपकार विसरू नयेत.

निशाचर (२० जून)

अवांतर: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारताचा पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. नागपूरकर कोणी तिथून फोटो काढतं का? आपल्या राज्यात असा अंधार जपला जातोय याचा मला फार अभिमान वाटतो. गावोगावी पांढरे एलईडी लागले, त्यावर वरून झाकण असावं इतकं साधं कोणी बघत नाही. कॅमेरे गार करून काय होणार, आकाशच उरलं नाही तर?

काळ्याकातळावरून (२० जून)

नागपूरकर हजर. अंधार अप्रतिम आहे, पण रात्री फिरण्यावर जंगलाचे नियम आहेत ते पाळावे लागतात. परवानगीशिवाय माउंट मांडता येत नाही. अंधाराला पूर्ण मार्क.

रोहिणीशकट (२१ जून)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री वहीत हिशोब केला. निर्णय असा:

५३३ रंगीत, ड्युअल बँड फिल्टरसह. रोझेट सव्वा-दीड अंशाचा आहे, तो चौकोनात काठोकाठ बसतो. मोठी फ्रेम हवी असेल तेव्हा ६००डी आहेच, तो मॉडिफाय करून घेईन. वक्रतारा, तुमचं निम्मं ऐकलं. ५७१ साठी आणखी दोन वर्षं थांबावं लागलं असतं आणि मला तेवढी कळ निघणार नाही.

वक्रतारा (२१ जून)

निम्मं ऐकलंत तरी पुष्कळ. डिथरिंग मात्र पूर्ण ऐका. कूल्ड कॅमेऱ्यालाही लागतंच.

मिस्त्री_वर्कशॉप (२१ जून)

फ्लॅटनर ते सेन्सर ५५ मिमी ठेवा. कॅमेऱ्याच्या आत १७.५ जातात, वर १६.५ आणि २१ च्या रिंगा, बरोबर ५५. पण मध्ये फिल्टर आला की त्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं अंतर वाढवावं लागतं. दोन मिमीच्या फिल्टरला ०.७. हे सगळे विसरतात.

---

रोहिणीशकट (१८ डिसेंबर)

धागा वर काढतेय, रागावू नका.

परवा रतनवाडीला पहिली खरी रात्र मिळाली. हवा ११ अंश, कॅमेरा उणे १०, कूलर ४५ टक्क्यांवर. साडेदहाला रोझेट वर आला तेव्हा सुरुवात केली, पहाटे चारला थांबले. पाच-पाच मिनिटांच्या ६२ फ्रेम्स, गेन १००, दर दोन फ्रेम्सना डिथर. ध्रुव आपल्याकडे फक्त वीस अंशांवर, तोही डोंगराच्या धुरकटात, त्यामुळे ध्रुवीय जुळणीलाच (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावायला) तास गेला.

पहिली फ्रेम पडद्यावर आली तेव्हा नुसती काळी वाटली. निनाने ताणून दाखवली आणि एका फ्रेममध्ये, एकाच, पूर्ण वर्तुळ दिसलं. मधली पोकळी, त्यातले तारे, आणि कडेला काळ्या धुळीचे ते बारीक ठिपके, ग्लोब्यूल्स. मी चार वर्षं फक्त लोकांच्या फोटोत बघत होते. बरोबर धाकटा भाऊ आला होता, त्याला झोपेतून उठवून दाखवलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ताई, हे आत्ता वर आहे?

डार्क्स जुलैतले, घरी काढलेले, उणे १० चे. अगदी तंतोतंत जुळले. एकही रेघ नाही.

एकच अडचण. चारही कोपऱ्यांतले तारे मध्याकडून बाहेर ओढल्यासारखे लांबुळके आहेत. मधले गोल.

मिस्त्री_वर्कशॉप (१८ डिसेंबर)

बाहेरच्या दिशेने लांब म्हणजे सेन्सर फ्लॅटनरच्या जवळ आहे. फिल्टरचे ०.७ घातले होते का?

रोहिणीशकट (१८ डिसेंबर)

नाही. तुम्ही जूनमध्ये लिहिलं होतं आणि मी वहीतही उतरवलं होतं.

जुनाफोटोवाला (१८ डिसेंबर)

कोपरे नंतर बघा. फोटो आधी इथे टाका.

मिस्त्री_वर्कशॉप (१९ डिसेंबर)

माझ्याकडे ०.५ आणि ०.२ चे प्लास्टिकचे वॉशर कापून पडलेत, एम ४२ च्या मापाचे. पुढच्या अमावस्येला तुम्ही रतनवाडीलाच असाल ना? मी संगमनेरहून येतो, घेऊन येईन. बॅटरीही माझी आणतो, तुमची दोन माणसांना पुरायची नाही.

देवगडकर (१९ डिसेंबर)

मलाही यायचंय. कोकणातून निघायला एक दिवस आधी सांगा.